आमची वाटचाल : सोलापूरच्या उन्हात न सुकणारा मोगरा

सोलापुरात लग्नाच्या तिथी दाट असतात त्या एप्रिल-मेमध्ये, आणि पारा ४२-४३ अंशांवर असतो तोही तेव्हाच. सकाळी माळलेला गजरा दुपारी अक्षता पडेपर्यंत पिवळा पडतो. हळदीला नवरीनं घातलेले शेवंतीचे दागिने फोटो काढून होईस्तोवर मान टाकतात. आमचा क्लेच्या फुलांचा व्यवसाय या अडचणीतून उभा राहिला. कलेची आवड होतीच, पण नुसत्या आवडीला गिऱ्हाईक नसतं.

सुरुवात रुखवतापासून झाली. सासूबाई हलव्याचे दागिने करायच्या, पण संक्रांत सरली की ते काम संपायचं. रुखवताला मात्र तुळशीच्या लग्नापासून जेठापर्यंत मागणी. त्यात मी क्लेचे विडे करून ठेवायला लागले. खऱ्या विड्याच्या पानाची मागची बाजू क्लेवर दाबली की शिरा हुबेहूब उमटतात, कारण त्या बाजूनं त्या उठून आलेल्या असतात. एका लग्नात नवरीच्या मावशीनं तो विडा उचलून नाकाला लावला, मग हसल्या आणि म्हणाल्या, "पान जमतंय तर मोगरा का नाही करत गं?" पुढच्या हंगामात रुखवत मागे पडलं आणि गजरे, वेण्या, हळदीचे आणि डोहाळजेवणाचे दागिने हेच मुख्य काम झालं.

या क्लेमध्ये माती नसते, हे आम्ही प्रत्येकाला आधीच सांगतो. वाटीभर फेविकॉल, वाटीभर कॉर्नफ्लॉवर, थोडं ग्लिसरीन, बुरशी धरू नये म्हणून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. मंद आचेवर हलवत राहायचं, गोळा कडा सोडायला लागला की उतरवायचा, हाताला कोल्ड क्रीम लावून कणकेसारखा मळायचा आणि प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवायचा. याला कोल्ड पोर्सेलीन म्हणतात, भट्टीत भाजावं लागत नाही. भाजायचा पॉलिमर क्लेही मिळतो, पण त्याला ११० ते १३० अंशांवर ओव्हन लागतो आणि माल महाग पडतो. अंगावर घालायच्या दागिन्यांना आम्ही हलका फोम क्ले वापरतो. कंबरपट्टा कोल्ड पोर्सेलीनचा केला तर गरोदर बाईला तो अर्धा तासही नको होतो.

खरी मेख रंगात आहे. ओला क्ले दुधासारखा पांढरा दिसतो, कारण फेविकॉल ओला असताना पांढरा असतो. वाळला की तो पारदर्शक होतो, रंग गडद होतो आणि फूल मेणाचं असल्यासारखं दिसायला लागतं. म्हणून मोगऱ्यालासुद्धा पांढरा ऑइल कलर मिसळावा लागतो, आणि गुलाबी हवा असेल तर तो हव्या त्या छटेपेक्षा फिकाच मळावा लागतो. गुलाबाच्या पाकळीवर कडेला गडद आणि आत फिकट अशी जी झाक असते, ती वाळल्यावर कोरड्या पेस्टलची पूड कुंचल्यानं लावून आणायची. अबोलीचा रंग मला अजूनही दर खेपेला डोळ्यासमोर खरं फूल ठेवूनच जमवावा लागतो. तो केशरी नाही, गुलाबी नाही, आणि जाणत्या बाईला जरासा फरकही लगेच दिसतो.

आकाराचंही तसंच. पाणी उडून गेलं की फूल लहान होतं, म्हणून साचे मोठेच घ्यायचे. उन्हाळ्यात आमच्या खोलीत पंखा लावता येत नाही. पाकळीची पातळ कड आधी वाळते, आतला भाग ओला राहतो आणि कडेला तडे जातात. मे महिन्यात आम्ही पहाटे लाटायला बसतो आणि नऊ-दहाला हात धुतो. श्रावणात उलटा त्रास, तेव्हा पाकळी दोन-दोन दिवस लोळत पडते. बघणाऱ्याला वाटतं, बसल्या जागेचं काम आहे. बसल्या जागी मान आणि डोळे जातात, ते शिलाईवाल्यांना आणि बिडीवाल्यांना विचारा.

बिडीवरून सांगते. काम वाढल्यावर पहिली आली ती बिड्या वळणारी एक अक्का. सोलापुरात हजारो बायकांनी बिडीवर संसार केले आहेत. सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं अख्खी वसाहत बिडी कामगार बायकांची उभी राहिली. तेंदूच्या पानाचं टोक अंगठ्यानं दुमडून बिडीचं तोंड बंद करायची सवय असलेली बोटं मोगऱ्याची कळी वळताना काय चालतात, ते बघायला हवं. मी शिकवायचं म्हणून बसले होते. तासाभरात अक्काच मला सांगायला लागल्या, पाकळी चिमटीत धरायची नाही, तर्जनीच्या पेरावर ठेवायची.

मजुरीवरून मात्र आमची बरीच बोलणी झाली. मला नगावर द्यायचं होतं, हिशेब सोपा. अक्का म्हणाल्या, "ताई, छाट काढणार असाल तर मी येत नाही." बिडीत हजार नगांवर मजुरी असते आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे कापले जातात, त्याला छाट म्हणतात. आयुष्यभर ते सोसलेल्या बाईला मी पुन्हा नगाचाच हिशेब दाखवत होते. शेवटी रोजंदारी ठरली. कळी बिघडली तर क्ले परत मळायचा, पैसे कापायचे नाहीत. यात नफा कमी झाला का? झाला. पण मोगऱ्याची कळी घाईनं वळली की बोथट होते आणि ती शंभरात एक असली तरी वेणीत डोळ्यांत भरते. त्यांच्या ओळखीनं पुढे आणखी बायका आल्या. आता आमच्या खोलीत तेलुगू, कन्नड आणि मराठी एकदम चालते.

बाजार म्हणाल तर गड्ड्यानं, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेनं दिला. संक्रांतीच्या या यात्रेत होम मैदानावर छोटा स्टॉल लावला होता. धूळ एवढी, की संध्याकाळपर्यंत पांढरा मोगरा बदामी होई. मऊ मेकअपच्या ब्रशनं फुलं झटकत बसायचं, तीच आमची जाहिरात झाली, कारण लोक थांबून विचारायचे की फुलं का झाडताय. एक आजोबा म्हणाले, कुंभारकन्येच्या यात्रेत मातीची फुलं, बरोबर जागा पकडलीस. माती नाही हो, हे सांगायचं मी त्या दिवशी टाळलं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावायची अनुमती दिली, अशी कथा आहे, आणि दर वर्षी संमती कट्ट्यावर सात नंदीध्वजांच्या साक्षीनं तो अक्षता सोहळा होतो. त्या गर्दीतल्या बाया घरच्या लग्नाची तारीख डोक्यात घेऊनच फिरत असतात. त्या स्टॉलवर विक्री बेताचीच झाली, पण वैशाखाच्या ऑर्डरी तिथूनच आल्या.

स्टेजच्या सजावटीत आम्ही पडत नाही. तिथं कापडाची आणि प्लॅस्टिकची फुलं भाड्यानं मिळतात, त्यांच्या दराशी आमचा मेळ बसणं शक्य नाही. एकदाच नवरीच्या आग्रहाखातर झोपाळ्याला क्लेच्या मोगऱ्याच्या माळा दिल्या होत्या. डेकोरेशनवाल्याच्या पोरानं सवयीनं त्यांच्यावर पाणी मारलं, ताजी राहावीत म्हणून! वरून वॉर्निश असतं, पण त्यानं फूल वॉटरप्रूफ होत नाही. कळ्या चिकट झाल्या, दोऱ्याला लोंबायला लागल्या. पोरगा बिचारा घाबरला. खरं तर त्याला ती खरी वाटली यात माझं कौतुकच होतं, पण त्या संध्याकाळी ते सुचलं नाही.

वरमालाही आम्ही क्लेची करत नाही, कितीही मागितली तरी. ती जड होते, नवरदेवाला वर उचलला की ओढाताणीत पाकळ्या तुटतात, आणि गळ्यात ओल्या फुलांचा जो गारवा आणि वास असतो तो आम्ही कुठून आणणार? पूजेलाही ताजंच फूल हवं. आम्ही करतो ते नंतरचं काम. लग्नातल्या हाराचा फोटो आणि त्यातलं एखादं फूल आणून द्या, त्याची वीतभर प्रतिकृती चौकटीत बसवून देतो. खरी फुलं वाळवून रेझिनमध्ये ओतून देणारे आता बरेच आहेत. ते काम छान दिसतं, पण उजेडात रेझिन हळूहळू पिवळट होतं. आमचं फूलही थेट उन्हात ठेवलं तर रंग उतरतो, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळायला सांगतो. "कायम टिकणारं" हा शब्द आम्ही पाकिटावर छापलेला नाही. सावलीत, कोरड्या जागी वर्षानुवर्षं राहतं, एवढंच सांगतो.

भेटवस्तूंमध्ये सगळ्यात गोड काम येतं ते लग्नाच्या वाढदिवसांचं. आईवडिलांच्या पन्नासाव्याला मुलं काळापांढरा फोटो घेऊन येतात आणि आईच्या अंबाड्यातली वेणी करून मागतात. फोटोत रंग नसतो. मग आईलाच आडवळणानं विचारायचं, त्या वेळी काय माळलं होतं म्हणून. बायकांना साडीचा रंग एक वेळ आठवत नाही, वेणीतलं फूल आठवतं.

लग्नं हंगामी असतात. वर्षभर घर चालवलं ते एका वेगळ्याच वस्तूनं, गेलेल्या माणसांच्या फोटोला घालायच्या हारानं. पहिली मागणी आली तेव्हा सासूबाईंना पटलं नाही. मंगलकार्याचं काम करणाऱ्या हातांनी हे नको, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र यात वावगं काही दिसलं नाही. चंदनी पट्ट्यांचा तोच तो हार सगळ्यांच्या भिंतीवर असतो, आणि एखाद्याला वडिलांच्या फोटोला त्यांच्या अंगणातला प्राजक्त हवा असेल तर तो का देऊ नये? सासूबाईंचा मान राखून त्या हारांची पेटी वेगळी आणि ते काम अक्कांच्या हाताखाली वेगळ्या टेबलावर, असं ठरलं. अजूनही तसंच चालतं.

पॅकिंग मिस्टरांकडे. ते टॉवेलच्या कारखान्यात आहेत, त्यामुळे पुठ्ठ्याची खोकी आणि टेरी टॉवेलचे कातरण मिळतं. प्रत्येक फुलाची तार थर्माकोलमध्ये खोचायची, भोवती कातरण सैलसर भरायचं, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. कोकणात आणि मुंबईत जाणाऱ्या मालात त्या पुड्या जास्तीच्या टाकतो, तिथली हवा दमट. बबल रॅपपेक्षा सोलापुरी टॉवेलचा तुकडा फुलाला जास्त जपतो, असं त्यांचं ठाम मत आहे आणि तक्रारी पाहता मलाही ते मान्य करावं लागतं.

मे महिन्यातल्या लग्नांच्या ऑर्डरी आम्ही फेब्रुवारीअखेर बंद करतो, कारण वाळायला लागणारा वेळ पैसे जास्त दिले म्हणून कमी होत नाही. लग्न आठवड्यावर आलेलं असताना येणाऱ्यांना तयार गजरे, वेण्या आणि कर्णफुलं तेवढी मिळतील. येताना अंबाड्याचं माप दोऱ्यानं घेऊन यावं. क्लेची वेणी तारेवर बांधलेली असते, ती ओढून-ताणून बसत नाही.