बेळगावहून बंगळूर: आधी काच, मग चित्रं

टिळकवाडीतल्या वरेरकर नाट्य संघाचं के. बी. कुलकर्णी कलादालन पाहिलं असेल, तर पुढची पायरी बंगळूर. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रभरात पोचवते. सोमवार टाळा, पॅलेस रोडवरची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट बंद असते.

काचेचे तुकडे भट्टीत वितळवून जोडायची कार्यशाळा मात्र पहिल्याच दिवशी घ्या. भट्टी साधारण ८०० अंश सेल्सिअसवर काच एकजीव करते, मग सुमारे ५१० अंशांवर काचेतला ताण निवळेपर्यंत थांबते आणि सावकाश थंड होते. घाई केली की तडा गेलाच. म्हणून वस्तू दुसऱ्या दिवशीच हातात येते.

कापताना कटर एकदाच ओढायचा, एकसारखा दाब देऊन. बारीक करकर ऐकू आली की रेघ बरोबर उमटली. त्याच रेघेवरून पुन्हा फिरवू नका. कटरचं चाक बोथट होतं आणि काच भलतीकडेच फुटते. रेघ मारल्यावर लगेच तोडा.

३ मिलिमीटरचे दोन थर ठेवा. एकच थर कडांनी आत आकसतो. आणि ९० व ९६ प्रसरणांकाच्या (तापल्यावर काच किती प्रसरण पावते, त्याचा आकडा) काचा कधीही मिसळू नका. भट्टीतून सुरेख निघतात, पण थंड होताना किंवा चार दिवसांनी घरी कपाटातसुद्धा तडकतात. काच कोणत्या अंकाची आहे, हे स्टुडिओत आधीच विचारा, अगदी न लाजता.