आमची वाटचाल : पॅटर्न ते पेटी

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, आमचं पॅटर्न शॉप होतं. फाउंड्रीत वाळूचा साचा करायचा तर आधी लाकडी नमुना लागतो, ते आमचं काम. ओतीव लोखंड निवताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवायचा. ती वाढीव मापाची पट्टी बाबांनी दहावीनंतर माझ्या हातात दिली.

पुढे सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं मशीन, घ्यायचं ठरलं. एका मोठ्या गिऱ्हाइकानं वर्षभराचं काम कबूल केलं होतं, लोन मंजूर होतं, फक्त सह्या राहिल्या होत्या. त्याच आठवड्यात मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. दर २१ दिवसांनी एक, अशा ६ केमो.

धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी बसून बसून वैताग आला, तेव्हा माळ्यावरची आजोबांची भजनाची पेटी खाली काढली. भाता झुरळांनी खाल्लेला. चामडं लावलं, फट बुजवली. सूर मात्र जुळेनात. रीड म्हणजे वाऱ्यानं थरथरून सूर देणारी धातूची पातळ पट्टी. ती टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि हात जरा जड पडला तर रीड बाद. त्यात केमोच्या एका औषधानं बोटांची टोकं बधिर झालेली, शर्टाचं बटणसुद्धा बायको लावायची. हाताला कळेना ते कानानं करत गेलो. ३ रीड्स फुकट गेल्या.

चौथी केमो झाल्यावर सांगून टाकलं, लोन नको.

"अहो, पोरीची फी कुठनं भरणार, ते तरी सांगा की," बायको म्हणाली. उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाहीच. लेथ विकून एक वर्ष निघालं, पुढच्याला शिक्षणकर्ज काढलं. आजची कमाई तेव्हाच्या तिसऱ्या हिश्श्यावर आहे. दोन कारागिरांपैकी एक माझ्याकडे राहिला. दुसरा १८ वर्षं होता, आता वाटेत दिसला तर रस्ता बदलतो. त्याचं काही चुकत नाही. जगण्याचा अर्थ मला सापडला, पगार त्याचा बंद झाला.

आता शहापुरात एका खोलीत पेट्या दुरुस्त करतो. नामवंत पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटीला गिऱ्हाईक कमी नाही, पण पैसे द्यायला भजनी मंडळांना वर्गणी जमेपर्यंत वेळ लागतो. बैलहोंगलची कन्नड मंडळी येतात, खानापूरची मराठी येतात. पाटीवरच्या अक्षरांवरून बाहेर काय चालायचं ते चालू दे, पेटी उघडली की दोघांचीही तक्रार एकच, भाता वारा धरत नाही.

दर सहा महिन्यांनी तपासणी असते. त्या आठवड्यात मी सूर लावत नाही, कान ठिकाणावर नसतात. नुसती चामडी कापून ठेवतो.

आषाढी आठ दिवसांवर आलीय. कडोलीच्या मंडळाची पेटी टेबलावर उघडी आहे, आणि काळी चार अजून फसफसतेय.