ब्रेकच नाहीत, तर गाडी आणू कशी?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मामांचं लेथचं शेड होतं. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि दाराशी कायम बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, चुऱ्याचा काळा ढीग. बारावीनंतर मी तिथं टर्नर म्हणून चिकटलो. गॅरेजवाले ब्रेक ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बिडाचं गोल भांडं, घेऊन यायचे, आम्ही ते लेथवर आतून कातून, कट मारून द्यायचो. तो ड्रम पुढं कुठल्या गाडीवर चढला, ब्रेक नीट लागला का, याच्याशी आमचं देणंघेणं नसायचं.

2012 चा पावसाळा संपता संपता शुक्रवार पेठेतले एक आजोबा रिक्षातून ड्रम घेऊन आले. जुनी महिंद्रा जीप, सात-आठ वर्षं परड्यात उभी. मामा म्हणाले, "एकच ड्रम कापून काय व्हायचं? गाडीच घेऊन या की." आजोबा म्हणाले, "ब्रेकच न्हाईत, तर गाडी आणू कशी? टोचन लावून आणली तर म्होरच्याच्या बुडात जाऊन बसंल की!"

जुन्या गाड्यांचे ब्रेक मालकाच्या घरी जाऊन दुरुस्त करायचा आमचा धंदा या एका वाक्यातून निघाला. इंजिन बंद पडलेली गाडी ढकलत, ओढत कशीतरी आणता येते. ब्रेक गेलेली गाडी जागची हलवायलाच माणूस भितो, आणि क्रेनचं भाडं ऐकून गप्प बसतो. मग गाडी परड्यात कुजते, तिच्यावर कोंबड्या बसतात. मालक म्हणतो गाडी संपली. आत बघावं तर संपलेले असतात चाकातल्या व्हील सिलिंडरमधले, म्हणजे तेलाच्या दाबानं ब्रेक लावणाऱ्या नळकांड्यातले, चार रबरी वॉशर.

पुढच्या रविवारी मी पिशवीत पाने टाकून आजोबांच्या घरी गेलो. उजव्या बाजूची चाकं निघाली. डाव्या चाकाचा नट काही केल्या हलेना. पान्याला पाइप लावला, त्यावर उभा राहून उड्या मारल्या. कडाक! नट नाही, स्टड तुटला. आजोबा चहाची कपबशी घेऊन पायरीवर बसलेले. म्हणाले, "डाव्या अंगाला उलटं आटं असत्यात. चाक फिरून नट ढिला हू ने म्हणून. न्हाई व्हय म्हाईत?" टर्नर म्हणून मी आयुष्यभर आटेच पाडत आलो होतो! स्टडचे पैसे त्यांनी माझ्या पहिल्या बिलातून कापून घेतले.

ड्रम काढतानाही लोक घणाचे घाव घालतात. बीड आहे ते, ठणका सोसत नाही, तडकतं. गंजलेल्या ड्रमच्या कडेला आत ओठ तयार झालेला असतो आणि शू, म्हणजे ब्रेक मारला की ड्रमला आतून घासणारे अर्धगोल तुकडे, त्याच्यामागं अडकतात. आधी ड्रममागच्या पत्र्यावरचे, बॅकप्लेटवरचे ॲडजस्टर मागं फिरवून शू आत घ्यायचे, मग लाकडी हातोडीनं गोल गोल टिचक्या मारत राहायचं. वेळ लागतो. घरी काम करण्याचा फायदा हाच की मागं दुसरं गिऱ्हाईक हॉर्न वाजवत नसतं.

लेथवर असताना कधी न कळलेली एक गोष्ट मला त्या परड्यात कळली. जीपचा ड्रम 9 इंची. कट मारला की तो मोठा होतो, पण शूची गोलाई जुनीच राहते. मग शूवरचा नवा लायनर, म्हणजे घासणारा थर, मधोमध टेकतो आणि दोन्ही टोकं अधांतरी. पेडल दाबलं की शू वाकतो, पाय स्पंजावर दिल्यासारखा लागतो, आणि मेकॅनिक बिचारा तास तासभर ब्रेकच्या तेलातली हवा काढत बसतो. हवा तिथं नसतेच. आम्ही ड्रमला आतून खडू फासतो, शू हातानं आत धरून जरा मागंपुढं सरकवतो. बाहेर काढला की लायनरवर जिथं पांढरं उठलंय तेवढंच उंच. ते पॉलिश पेपरवर घासायचं, परत खडू, परत बघायचं. पांढरा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग उठेपर्यंत. एका शूला कधी कधी अर्धा तास जातो. एवढं करूनही ड्रम मूळ मापाच्या वर दीड मिलिमीटरपेक्षा जास्त गेला असेल तर आम्ही तो परत चढवत नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.

ही घासाघाशी नव्या लायनरची. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असतं. त्यामुळं कॉम्प्रेसरनं ड्रममध्ये हवा मारायला आमच्याकडं सक्त बंदी आहे. ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, तोंडाला मास्क.

त्या जीपनं आणखी एक धडा दिला. काम झालं, पेडल वर आलं, आजोबा खूश. म्हणाले चला पन्हाळ्याला. वाघबीळच्या अलीकडंच गाडी जड झाली, जळका वास सुटला, पेडल दगडासारखं. चारही चाकं ब्रेक धरून बसली होती. चाकाजवळचा तेल सोडायचा निपल जरासा ढिला केल्याबरोबर ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाकं मोकळी. चूक माझीच. पेडलला अर्धा इंच मोकळी चाल ठेवायची असते, ती मी शहाणपणा करून काढून टाकली होती. चाल नसली की पेडलनं दाबला जाणारा, चाकांकडं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागं येत नाही, तेल परत जायचं भोक झाकलेलं राहतं. तेल तापून फुगतं, जायला वाट नाही, मग ब्रेक आपणहून लागतो. आजोबांनी त्या दिवशी काही बोलून दाखवलं नाही, ते जास्त लागलं.

पहिली दोन वर्षं घर लेथवरच चाललं. रविवारी परडी, इतर दिवशी शेड. मग एकाचं बघून दुसरा असं करत राजारामपुरी, कसबा बावडा, पार कागलपर्यंत फोन यायला लागले. फियाट, अँबेसेडर, जीपा. कोल्हापूरला जुन्या गाड्यांचं वेड मुळातच आहे. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बाहेर पडते तेव्हा सोनं लुटायला आलेली निम्मी माणसं गाडीच बघत असतात. त्या गाडीला हात लावायचं भाग्य आम्हाला मिळालेलं नाही, उगाच सांगत नाही.

राजारामपुरीतल्या एका फियाटला ताजा रंग दिला होता. ब्रेक ऑइलची बाटली मी तिच्या मडगार्डवर ठेवली. तळाला ओघळ होता. तासाभरात तेवढा रंग सुरकुतून वर आला. संपूर्ण मडगार्ड रंगवून दिलं, महिन्याची कमाई गेली. तेव्हापासून हवा काढायच्या आधी पाण्याची बादली आणि ओलं फडकं शेजारी, हा नियम.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा धोक्याची 43 फुटांची पातळी ओलांडून 55 च्या वर गेली. पाणी ओसरल्यावर शाहूपुरी कुंभार गल्लीपासून उत्तरेश्वरपर्यंत आम्ही महिनाभर चिखलातच होतो. ज्यांनी हँडब्रेक ओढून गाड्या उभ्या केल्या होत्या, त्यांचे मागचे शू गंजून ड्रमला चिकटलेले. व्हील सिलिंडरमधून तेलाऐवजी चहाच्या रंगाचं पाणी यायचं. आतून खड्डे पडलेले सिलिंडर फेकवेनात, कारण नवे मिळत नव्हते. मामांनी ते बोअर करून, आतून मोठे कातून, आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, बसवायला सुरुवात केली. आज आमचं निम्मं काम तेच आहे. 2021 ला पुन्हा पूर आला तेव्हा आमची बरीच गिऱ्हाईकं आधीच गाडी उंचावर नेऊन, हँडब्रेक सोडून, चाकाला लाकडाचा ठोकळा लावून बसली होती. तेवढा धंदा बुडाला म्हणा!

आता आम्ही तिघं आहोत आणि हत्यारं भरलेली एक ओम्नी. ड्रम आणि सिलिंडर तेवढे उद्यमनगरात आणतो, बाकी सगळं तुमच्या दारात. फोन केल्यावर आम्ही येईपर्यंत कृपा करून पेडल मारत बसू नका, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीत दुसरं कुठलं तेल ओतू नका. इंजिन ऑइलनं रबर फुगतात, मग एका चाकाचं काम चार चाकांचं होतं.

आजोबा गेले. त्यांची जीप आता नातू चालवतो. वर्षातून एकदा लायनर बघायला तो ती स्वतः चालवत शेडवर आणतो, आणि मी पाना उचलला की दरवेळी आठवण करतो, "दादा, डावीकडं उलटं हाय हं."