मानवेलीची खुर्ची: घुण लागला, पण कारण सापडलं

गुरुवारी सकाळी माझ्या मानवेल बांबूच्या खुर्चीखाली पिठाची बारीक रेघ दिसली. पुढच्या उजव्या पायाला टाचणीने पाडल्यासारखी ११ भोकं. टिचकी मारली की आणखी पीठ गळतं. घुण लागू नये म्हणून १५ दिवस औषधाच्या ड्रममध्ये बुडवलेल्या ज्या बांबूंचं मागे एवढं कौतुक लिहिलं, त्यांचीच ही खुर्ची. प्रमाण बरोबर होतं: ५० लिटर पाण्याला दीड किलो टाकणखार (बोरॅक्स), एक किलो बोरिक पावडर. 

शेजारचं स्टूल मात्र ठणठणीत, आणि त्याला तर औषधाचा थेंबही लागलेला नाही. दोन्ही बांबू एकाच बेटातले. स्टूलचा बांबू डिसेंबरात तोडलेला, खुर्चीचा मे महिन्यात.

नागपूरच्या महाल भागातल्या बुरडकाकांना पाय दाखवला. म्हणाले, "मे मध्ये काऊन तोडला भाऊ? वास्ते (कोंब) फुटायच्या आधी बांबूत सारं भरलं राहते."

घरी येऊन दोन्हींचे ताजे काप घेतले आणि टिंक्चर आयोडीन लावलं. स्टूलचा काप पिवळट तपकिरी राहिला. खुर्चीचा बघता बघता निळाकाळा! पावसाळ्यातल्या कोंबांसाठी साठवलेला सगळा स्टार्च घुणाच्या भुंगेऱ्याला आयता मिळाला होता. तो काप मी रात्री घरातल्या प्रत्येकाला दाखवला.

मग औषध का मुरलं नाही? तोडल्यावर तीन आठवडे बांबू उन्हात पडले होते. बोरॅक्स ओल्या बांबूत पाण्यावाटे पसरतं. वाळल्यावर गुळगुळीत सालीतून ते आत जात नाही. त्यात आपली मानवेल बुडाशी भरीव, गाठी फोडून ओतायला पोकळीच नाही.

खुर्ची मोडायची नाही. सांधे बांबूच्या खुंट्यांवर, फेविकॉलशिवाय, अजून करकरत नाहीत. पुढचे दोन पाय बदलायचे, जुने जाळायचे. नवे डिसेंबरात तोडून ओलेच ड्रममध्ये, असं ठरवलं होतं.

पण लिहिता लिहिता वाटतंय, ड्रमच कशाला? तीन वर्षांचा बांबू पानांसकट तोडून बुडखा लगेच औषधाच्या बादलीत उभा करायचा. पानं पाणी ओढतील, तसं औषधही वर चढेल. मानवेलीची पानं उन्हाळ्याच्या तोंडाला गळतात, म्हणजे दिवाळीनंतर लगेच तोडायला हवं. आधी दोनच बांबू. शेंड्याचा काप पुढच्या वेळी दाखवतो.