अळसांद्यांवरचा चिकटा

भातकापणीनंतर गोव्यात पेडण्याच्या मळ्यात अळसांदे (चवळी) लावले की शेंड्यांवर काळा मावा ठरलेलाच. परवा आईने चिकट पानाला बोट लावून चाखलं. “गोड लागता गो!” (फवारणी नव्हती म्हणून बरं.)

मावा रस शोषतो आणि जादा साखर बाहेर टाकतो, तोच हा चिकटा. त्यावर मुंग्या येतात, तशी जाळीदार पंखांची हिरवी क्रायसोपर्लाही. ती स्वतः चिकटा खाते, तिच्या अळ्या मावा फस्त करतात. पण २०१९ साली स्पेनमध्ये दिसलं, की थायामेथॉक्झाम हे कीटकनाशक दिलेल्या संत्रावर्गीय झाडांवर पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीचा चिकटा खाऊन सिरफिड या उपयोगी माश्या मेल्या, पिठ्या ढेकणावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही.

यंदा औषध नाहीच. दोन ओळींवर चिकट्यामुळे काळी बुरशी चढलीय, आई रोज पुटपुटते.