साहेबांचा वाढदिवस आणि 35 दिवसांची पिशवी

माझं दुकान कोरेगावात, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. फ्लेक्स, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, दशक्रियेचे बोर्ड, सगळं करतो. राहायला गावात. 15 जानेवारी 2021 ला राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं, त्यात आमच्या वॉर्डातून निवडून आलो. शिवाय रक्तदान शिबिरं घेतो, त्याला लोक समाजकार्य म्हणतात. एकाच माणसाने धंदा, राजकारण आणि समाजकार्य तिन्ही करावं का, यावर माझ्या माघारी पारावर बरीच चर्चा होते. त्यातली निम्मी मला कळतेच, कारण चर्चा करणारेच दुसऱ्या दिवशी बॅनर सांगायला दुकानात येतात.

वाढदिवसाच्या फ्लेक्सला एक घटना असते, लिहिलेली नाही पण सगळ्यांना पाठ आहे. सगळ्यात वर महाराज, मग यशवंतराव चव्हाण, मग पक्षाप्रमाणे पुढचे. मधोमध उत्सवमूर्ती, शक्यतो गॉगल लावून, नाहीतर कानाला मोबाईल लावून. खाली शुभेच्छुकांची पट्टी. दुकानात आम्ही तिला मुंडक्यांची पट्टी म्हणतो. खरं राजकारण त्या पट्टीत चालतं. "माझा फोटो त्याच्या डाव्या अंगाला का घेतला?" म्हणून रात्री साडेअकराला फोन आलेले आहेत. एकदा तर छापून, पट्टी मारून, आयलेट ठोकून तयार झालेला दहा बाय पंधरा केवळ एका माणसाचं डोकं शेजारच्यापेक्षा लहान दिसतं म्हणून परत आला. रेट चौरस फुटावर असतो. मुंडक्यावर लावला असता तर मशीनचं कर्ज केव्हाच फिटलं असतं.

ते कर्ज बँकेचं, आणि व्याजाचा परतावा अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून. हप्ता वेळेवर भरला की व्याज आपल्या खात्यात परत येतं. हप्ता चुकला की परतावा विसरायचा. लॉकडाऊनमध्ये लग्नं नाहीत, यात्रा नाहीत, वाढदिवस नाहीत, तेव्हा हे गणित फार जवळून शिकलो. अण्णासाहेब पाटण तालुक्यातले, मुंबईत माथाडींची युनियन त्यांनी बांधली. आमच्या गावातली घरटी एक-दोन माणसं आजही नवी मुंबईत वाशीच्या मार्केटला हमालीला आहेत. या वाशीकरांचा विषय पुढे येणार आहे.

निवडून आल्यावर पहिली चर्चा झाली ती ग्रामपंचायतीच्या बोर्डांची. घरपट्टीची सूचना, ओला कचरा-सुका कचरा, ग्रामसभेची नोटीस असं वर्षभर काहीतरी छापायला लागतंच. सगळ्यांना वाटलं आता घरचंच काम. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी कपाटातून ग्रामपंचायत अधिनियमाचं पुस्तक काढलं आणि कलम 14 समोर धरलं. पंचायतीच्या कामात किंवा करारात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतः किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तर सदस्यत्व जातं. रक्कम किती याला फारसं महत्त्व नाही. "चुलत्याच्या नावानं बिल काढ की," असं सुचवणारे तिथेच दोघे बसले होते. 'अप्रत्यक्ष' हा शब्द कायद्यात त्यांच्यासाठीच घातलेला आहे. तेव्हापासून पंचायतीची कामं दुसऱ्या दुकानात जातात. त्या दुकानदाराने मला एकदा चहाही पाजलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता रक्ताकडे येतो, कारण लिहायला बसलो ते त्यासाठी.

आमच्याकडे नेत्याचा वाढदिवस म्हटलं की शिबिर ठरलेलं. वह्यावाटप, वृक्षारोपण, रक्तदान. यातलं रक्तदान खरोखर उपयोगाचं आहे, पण ते वाढदिवसाला बांधल्यामुळे त्याची पार रया जाते. मागे दोन वेगवेगळ्या पक्षांच्या साहेबांचे वाढदिवस एकाच आठवड्यात आले. तालुक्यात शिबिरांची रांग लागली. आकड्याची चुरस अशी की आमच्यातच फोनाफोनी, त्यांचे किती झाले, आपले किती झाले. माझी चांदीच होती, दोन्हीकडचे फ्लेक्स माझ्याकडे. शिबिरात पिशव्या भरणाऱ्या रक्तपेढीच्या तंत्रज्ञ मॅडम मात्र वैतागलेल्या. म्हणाल्या, "दादा, एवढं रक्त आम्ही ठेवणार कुठं?"

त्यांच्याकडून कळलं ते मी हल्ली प्रत्येक कार्यकर्त्याला ऐकवतो. पिशवीतल्या लाल पेशी साधारण 35 दिवस टिकतात, वेगळं द्रावण घातलेली पिशवी असेल तर 42. प्लेटलेट फक्त 5 दिवस, त्याही सतत हलवत ठेवाव्या लागतात. प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर राहतो. म्हणजे एका आठवड्यात तालुक्याने उत्साहाने दिलेल्या रक्तातलं जे वापरलं जाणार नाही, ते महिन्या-सव्वा महिन्यात फेकून द्यायचं. आणि ज्या पुरुषांनी दिलं ते पुढचे 90 दिवस, बायका 120 दिवस पुन्हा देऊ शकत नाहीत. साठा संपतो तेव्हा देणारेही संपलेले असतात. थॅलेसेमियाच्या पोराला दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं, त्याला साहेबांची जन्मतारीख काय करायची?

भेटवस्तूंचंही तेच. हेल्मेट, बॅग, पाण्याचा जार. पैसे घेऊन रक्त देणं 1 जानेवारी 1998 पासून देशात बंद आहे, वस्तूचं मात्र कुणी मनावर घेत नाही. जारासाठी आलेला माणूस आधी होऊन गेलेली कावीळ फॉर्ममध्ये लिहीत नाही, चालू असलेली गोळी सांगत नाही. तपासणी होते हे खरं, पण तपासणीच्याही आधीची चाळणी म्हणजे देणाऱ्याचं खरं बोलणं, आणि तीच आपण जार देऊन फोडतो. आमच्या शिबिरात चहा, बिस्कीट, केळं आणि प्रमाणपत्र. यावरून "कंजूष सदस्य" अशी पदवी मिळालेली आहे.

रक्ताचा खरा तुटवडा पडतो तो एप्रिल-मे महिन्यांत. कॉलेजं बंद, कंपन्यांतली पोरं सुट्टीवर, उन्हामुळे कुणी शिबिर घ्यायला धजत नाही. आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडे चैत्रात भैरवनाथाची यात्रा असते. वाशीचं सगळं गाव गावात येतं. पाठीवर पोती उचलणारी धडधाकट माणसं, वय पंचविशी ते पन्नाशी, हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली सहसा सापडणार नाही. शिबिर यात्रेत घ्यायचं, एवढंच मला सुचलं. सोपं वाटलं होतं.

पंचकमिटीत तात्यांनी पहिला बाँब टाकला. "देवाच्या यात्रंत सुया टोचाय लागलाय व्हय?" त्यावर म्हातारे गप्प बसले आणि तरुण हसले. बैठक उठते की काय असं वाटत असतानाच माजी सैनिक असलेले नाना म्हणाले, "तात्या, गेल्या साली तुमच्या सुनंला दोन पिशव्या लागल्या, त्या कुणी दिल्या?" विषय मंजूर.

मग वेळापत्रक. मुंबईकर रात्रभर प्रवास करून सकाळी उतरतात; जागरण झालेल्याचं रक्त घेत नाहीत, म्हणून पहिला दिवस बाद. दुसऱ्या दिवशी रात्री छबिना आणि तमाशा. तमाशानंतरच्या सकाळी गावातल्या किती लोकांचं रक्त घेण्याच्या लायकीचं असेल, हे डॉक्टरांना विचारायची गरजच पडली नाही. त्याच दुपारी कुस्त्यांचा फडही असतो. उरली दुसऱ्या दिवसाची सकाळ, नऊ ते एक, जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्या दिवशी कडक उपास धरणाऱ्यांना घेता येणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी फडात उतरणाऱ्या पैलवानांना मीच नको म्हणून सांगितलंय. एका पैलवानाच्या वडिलांना त्याचा राग आलाय.

फ्लेक्स माझ्या खर्चाने. त्यावर तारीख, वेळ, शाळेचं नाव, बाकी काही नाही. अक्षर एवढं की मोटारसायकल न थांबवता वाचता यावं. वाढदिवसाच्या शिबिरांच्या फ्लेक्सवर वेळ नि ठिकाण तळाच्या पट्टीत इतकं बारीक असतं की माझं मलाच वाचता येत नाही, आणि ते मीच छापलेलं असतं. साहेबांच्या माणसाचा फोन येऊन गेला, "एक फोटो तरी टाक, निवडणुका जवळ आल्यात." मी म्हटलं, साहेबांनी स्वतः येऊन रक्त दिलं तर रक्त देतानाचा फोटो टाकतो. वय आडवं येतंय असं कळवण्यात आलं. 65 पर्यंत घेतात.

रक्तपेढीला किमान पन्नास नावं आधी हवी आहेत, त्याशिवाय ते डॉक्टर नि गाडी पाठवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. यादी वाशीतल्या आपल्या गावच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे आहे. वजन 45 किलोच्या वर असावं, सकाळी पोटभर नाष्टा करून यावं, चालू औषधांची चिठ्ठी असेल तर सोबत आणावी. नाव द्यायला अध्यक्षांनाच फोन करा. मला केला की लोक शेवटी बॅनरचा रेट विचारतात.