शाखेचा रकाना

त्या दिवशी आमच्या महाविद्यालयात एका सॉफ्टवेअर कंपनीची भरती होती. मी विदर्भातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल शाखेला शिकवतो आणि गेली अकरा वर्षे प्लेसमेंटचे कामही माझ्याकडेच आहे. त्यामुळे कंपनीच्या पाहुण्यांच्या चहापोह्यांपासून निकालाच्या यादीपर्यंत सगळे मलाच पाहावे लागते. लेखी परीक्षा नऊ वाजता सुरू व्हायची होती. साडेआठच्या सुमारास अंतिम वर्षाची, माझ्याच शाखेतली एक विद्यार्थिनी फाइल घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. नोंदणीच्या अर्जात शाखेच्या रकान्यात फक्त कॉम्प्युटर आणि आयटी हे दोनच पर्याय होते आणि त्यामुळे तिचा अर्ज पुढे सरकतच नव्हता.

ही अट तिने आदल्या आठवड्यातल्या सूचनेतही वाचली होती. ती सूचना माझ्याच सहीने लागली होती. कंपनीकडून आलेला मजकूर वरपासून खालपर्यंत जसाच्या तसा चिकटवायचा, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

मी तिला घेऊन कंपनीच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, निकष मुख्यालयातून येतात. माझ्या हातात काही नाही." त्यात खोटे काही नव्हते. मात्र त्या बसल्या होत्या त्याच दालनात, त्यांच्या मागच्या भिंतीवर, मी स्वतः करून घेतलेला एक फलक होता आणि त्यावर पहिलेच नाव फकीरचंद कोहली यांचे होते. 'टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी, भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक' एवढाच मजकूर मी छापून घेतला होता. त्या क्षणी मला आठवले ते त्या फलकावर नव्हते. हा माणूस मूळचा वीजक्षेत्रातला. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात आणि पुढे एमआयटीमध्ये इलेक्ट्रिकलचे शिक्षण झाले. १९५१ मध्ये ते टाटा इलेक्ट्रिकमध्ये आले आणि तिथली लोड डिस्पॅचची, म्हणजे कुठे किती वीज पाठवायची हे ठरवण्याची, व्यवस्था उभी करण्यात त्यांचा वाटा होता. मुंबई आणि पुणे यांदरम्यानच्या वीजवाहिन्यांचा कारभार सांभाळण्यासाठी त्यांनी टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेतला सीडीसी ३६०० हा संगणक वापरला, म्हणजे संगणकाकडे त्यांना नेले ते विजेच्या कामाने. टीसीएसमध्ये ते १९६९ साली आले, तेव्हा त्यांचे वय ४५ होते.

हे मी मॅडमना सांगितलेही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तेव्हा कॉम्प्युटरची शाखाच कुठे होती, सर?" मला उत्तर सुचले नाही, आणि त्यांचा मुद्दा चुकीचा होता असे आजही मी म्हणणार नाही.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या पथकातला एक तरुण इंजिनिअर मात्र स्वतःहून आला आणि त्याने तिची वही मागितली. प्रकल्प होता दुसऱ्या दिवशीच्या विजेच्या मागणीचा अंदाज बांधण्याचा. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक, प्रत्येकासमोर अंदाज, प्रत्यक्ष मागणी आणि फरक, मागणी-पुरवठ्याचा मेळ चुकला की ढळणारी विजेची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची तर हा फरक किती चालेल, याचे गणित तिने समासात पेन्सिलीने मांडले होते. प्रोग्राम तिने स्वतः लिहिला होता. त्याने पाने उलटता उलटता एके ठिकाणी बोट ठेवले आणि विचारले, "इथे अंदाज एवढा का चुकला?"

"पोळा होता, सर. सुट्ट्यांची यादी मी तारखेनं भरली होती, पोळा तिथीनं येतो. पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच तारखेला."

तो थोडा वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. एवढे होऊनही तिला परीक्षेला बसू देणे त्याच्या अधिकारात नव्हते, आणि ती बसली नाही.

संध्याकाळी गाड्या गेल्यावर मी तो फलक उतरवून घेतला. दुसरे नाव डॉ. विजय भटकर यांचे होते, आणि तिथेही मी 'परम' या महासंगणकाचे शिल्पकार एवढेच लिहून मोकळा झालो होतो. अकोला जिल्ह्यातले मुरंबा हे गाव, १९६५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी, बडोदा, दिल्लीच्या आयआयटीतली पीएचडी, मग तिरुवनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन व विकास केंद्राचे संचालकपद, आणि त्यानंतर १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणन संशोधन संस्था. 'परम ८०००' आला तो १९९१ साली. म्हणजे पदवी आणि 'परम' यांच्यामध्ये २६ वर्षे होती, आणि ती सगळी मी जागा वाचवण्यासाठी गाळली होती. आमच्याच भागातला माणूस असूनही.

सूचनेचा मसुदाही मी त्याच संध्याकाळी बदलला. आता कंपनीने शाखेची अट घातली की ती कशासाठी, हे मी आधी लेखी विचारतो. निम्म्या कंपन्या उत्तर देत नाहीत; दोघांनी अट मागे घेतली.

फलकाचा नवा मजकूर मी त्या मुलीला तपासायला दिला. कोहलींच्या नावाखाली मी '१९५१ : टाटा इलेक्ट्रिक, भारप्रेषण' असे लिहिले होते. तिने 'भारप्रेषण' खोडले आणि म्हणाली, "लोड डिस्पॅचच राहू द्या, सर. तिथं कंट्रोल रूममध्ये दुसरं कुणी काही म्हणत नाही."